कँटोनीजमध्ये आवाज चढवून प्रश्न विचारता येत नाही, मग विचारायचा कसा?

प्रश्न असा आहे: तीन महिने मोबाइलवर कँटोनीज शिकताय, पुढच्या महिन्यात हाँगकाँगला रुजू व्हायचंय. ऑनलाइन मीटिंगमध्ये तिथल्या सहकाऱ्याला 'जेवलास?' असं विचारलंत. शब्द बरोबर होते, तरी तो गोंधळला आणि मग हसला. मराठीत 'जेवलास.' आणि 'जेवलास?' यांत फरक फक्त आवाजाचा. कँटोनीजमध्ये आवाज बदलला की शब्दच बदलतो म्हणतात. मग विचारायचं कसं, चिडायचं कसं, शंका कशी घ्यायची? आणि शब्दांचा क्रम मराठीसारखा हलवता येतो, की इंग्रजीसारखा आखून दिलेला असतो?

मी १९ वर्षं हाँगकाँगमध्ये दुभाष्याचं काम करते आणि शनिवारी संध्याकाळी आपल्याकडच्या चार-सहा जणांना कँटोनीज शिकवते. तुमच्यासारखा घोळ प्रत्येक तुकडीत कुणीतरी घालतोच. मीही घातलाय.

आधी उच्चारांचं सांगते, कारण खाली सगळं देवनागरीत लिहिणार आहे. ॲपमधल्या रोमन अक्षरांनी आपलं नुकसानच होतं. तिथे 'बी' लिहिलेलं असतं, पण उच्चार आपल्या 'प'चा. 'डी' लिहितात, तो 'त'. 'जी' म्हणजे 'क'. 'टी' म्हणजे चक्क 'थ' आणि 'के' म्हणजे 'ख'. महाप्राण-अल्पप्राणाचा हा भेद आपण पहिलीपासून घोटलेला आहे, तो इंग्रजीच्या वाटेने जाऊन विसरायचा कशाला? 'झेड' लिहितात तो आपल्या 'चोर'मधला 'च'. आणि 'मी' या अर्थाचा शब्द आहे 'ङो'. मुळाक्षरांत आयुष्यभर रिकामा बसलेला 'ङ' इथे कामाला लागतो. (तरुण मुलं आता तोही गाळून नुसतं 'ओ' म्हणतात, पण तुम्ही 'ङो' म्हणा. कुणी नावं ठेवणार नाही.) 'फ़' खाली टिंब देऊन लिहिलाय, तो ओठ-दातांचा. 'तो' किंवा 'ती' यासाठीचा शब्द मी 'खॉय' लिहीन. त्यातला स्वर मराठीत नाही. ओठ गोल करून 'ए' म्हणायला गेलं की जवळपास जमतो.

शब्दापुढचा आकडा सुराचा. सूर सहा. १ उंच आणि सपाट, २ खालून वर चढणारा, ३ मधला सपाट, ४ तळाला घसरणारा, ५ खालच्या खालीच थोडासा उचललेला, ६ खालचा सपाट. हे पाठ करायला हाँगकाँगमध्ये एक जुनी युक्ती आहे: तीन, नऊ, चार, शून्य, पाच, दोन हे आकडे ओळीने म्हणायचे. साम१, कउ२, सेइ३, लिङ४, ङ्५, यी६. सहा आकड्यांत सहाही सूर क्रमाने येतात. मी वर्गात पहिले दोन शनिवार दुसरं काही घेत नाही, नुसता हा सहा आकड्यांचा पाढा.

आता मुख्य अडचण. मराठी माणूस प्रश्न विचारताना वाक्याचं शेवटचं अक्षर वर नेतो. विचार करून नेत नाही, ते आपोआप होतं. कँटोनीजमध्ये शेवटचं अक्षर खालून वर नेलं की त्याचा सूर २ ऐकू येतो. म्हणजे तुम्ही प्रश्न विचारला नाहीत, शेवटचा शब्द बदललात.

ठाण्याचा एक विद्यार्थी होता. छा-छान-थेङमध्ये, म्हणजे इथल्या इराण्याच्या हॉटेलसारख्या ठिकाणी, दुधाचा चहा मागवला. मधुमेही माणूस. बिनसाखरेचा चहा मागायची इथली रीत मजेदार आहे: 'चउ२ थोङ४', शब्दशः 'साखर पळव'. बर्फ नको असेल तर 'चउ२ पिङ१', बर्फ पळव. ते त्याला येत होतं. कप आला तेव्हा खात्री करायला त्याने मराठी पद्धतीने विचारलं, 'चउ२ थोङ?', आणि 'थोङ' वर नेला. 'थोङ४' म्हणजे साखर, 'थोङ२' म्हणजे गोळी, लिमलेटसारखी. वेटर क्षणभर थांबला आणि म्हणाला, 'मोउ५ थोङ२ आ३, नी१ तोउ६.' गोळ्या नाहीत हो, इथे. हे वाक्य लक्षात ठेवा, त्याच्या रचनेकडे पुन्हा यायचं आहे.

त्याहून वाईट जोडी 'चार' आणि 'मरणे' यांची: सेइ३ आणि सेइ२. चार हा आकडा इथे अशुभ मानतात तो या सारखेपणामुळेच. कित्येक इमारतींत चौथा मजला नसतो. भाजीवालीने 'सेइ३ मन१' म्हणजे चार डॉलर सांगितले आणि तुम्ही आश्चर्याने 'चार?' म्हणून 'सेइ' वर नेलात, की काय ऐकू जाईल ते सांगायला नको.

पण कँटोनीजमध्ये आवाजाची चढउतार अजिबात नसते असंही नाही, आणि असं ठोकून सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. समोरच्याचं बोलणं खरं न वाटून ते तसंच परत उच्चारायचं असेल, 'तो येत नाही?' अशा धाटणीचं, तर इथले लोकही शेवटचं अक्षर वर नेतात. मग त्यांचा शब्द बदलत नाही का? ऐकू येण्यापुरता बदलतो. प्रयोगशाळेत अशा प्रश्नांतलं शेवटचं अक्षर कापून वेगळं ऐकवलं तर खुद्द कँटोनीज माणसंही मधले-खालचे सूर २ म्हणून ओळखतात. प्रत्यक्ष बोलण्यात मात्र त्यांचा सहसा गोंधळ होत नाही, कारण समोरच्याने आत्ताच काय म्हटलंय ते ठाऊक असतं आणि बाकीच्या अक्षरांचे सूर जागच्या जागी असतात. आपले शिकाऊ लोक आधीची सगळी अक्षरं थोडी थोडी चुकवतात आणि वर शेवटचंही नेतात. मग ऐकणाऱ्याला धरायला काही उरत नाही. चाओ युआन-रेन या चिनी भाषाशास्त्रज्ञाने शब्दाचा सूर आणि वाक्याचा सूर यांना मोठ्या लाटेवर बसलेल्या बारीक लहरींची उपमा दिली होती. लाट असते, फक्त लहरी पुसून चालत नाही.

हीच गोष्ट रागाची. रागावलेला कँटोनीज माणूस सूर मोडत नाही. तो मोठ्याने बोलतो, भरभर बोलतो, एखादं अक्षर ताणतो. एखाद्या शब्दावर जोर द्यायचा असला तरी तो शब्द लांबवला जातो, ठासून म्हटला जातो. चढणारा चढतोच आणि सपाट असलेला सपाटच राहतो. भांडण ऐकायला बाजारात उभे राहा (मी पहिल्या वर्षी मुद्दाम राहायचे), चिडलेल्या बाईचे सहाही सूर शाबूत असतात.

मग शंका, आश्चर्य, खात्री, कंटाळा हे सगळं जातं कुठे? वाक्याच्या शेपटीला. कँटोनीजमध्ये वाक्याच्या शेवटी लावायचे एका अक्षराचे मूळ शब्दच तीसेक आहेत, आणि त्यांच्या जोड्या धरल्या तर बरेच जास्त. मी वर्गात त्यांना शेपट्या म्हणते. आणि इथे मराठी माणसाला जी सोय आहे ती इंग्रजीतून शिकणाऱ्याला नाही. आपल्याकडेही शेपट्या आहेत: ना, की, का, हो, रे, गं, बरं, म्हणे. फक्त आपण शेपटीही वापरतो आणि सूरही. इथे सुराचं बरंचसं काम शेपटीनेच करायचं.

एकच वाक्य घेऊ. 'खॉय५ म्४ लइ४', तो येत नाही. नुसतं एवढंच बोललात तर ते पाटीवर लिहिल्यासारखं कोरडं वाटतं; बोलताना असं फारसं कुणी सोडत नाही. शेवटी 'ला३' लावा: येत नाहीये आता, बेत बदललाय. 'आ४' लावा: येत नाहीये होय? तळाला घसरणारा सूर, आणि तरी तो प्रश्न. आपल्या कानाला ही सर्वांत अवघड गोष्ट, कारण आपण जिथे वर जातो तिथे हे लोक खाली उतरून विचारतात. 'मे१' लावा: येणार नाही की काय? मला तर वाटलं होतं येईल. 'क्वा३' लावलं की 'नसेल येत बहुतेक'. 'लो१' लावलं की 'नाही येत, झालं; त्यात विचारायचं काय?'. 'चे१' लावलं की 'येत नाहीये इतकंच ना, आभाळ नाही कोसळलं'. 'वो३' म्हणजे 'अरे, येत नाहीये की हा!', बोलणाऱ्याच्या आत्ताच ध्यानात आलेलं किंवा तुमच्या ध्यानात यावं असं त्याला वाटणारं काहीतरी. आणि 'वो५' म्हणजे म्हणे. येत नाही म्हणे.

या 'वो५'वर जरा थांबते. दुभाष्याच्या कामाच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी माझी सर्वांत मोठी चूक याच एका अक्षरावर झाली. घरभाड्याच्या तंट्यात बोलणी चालली होती. भाडेकरू मराठी, घरमालकीण कँटोनीज. ती म्हणाली, 'खॉय५ काउ१ चो२ चोउ१ वो५.' तेव्हा मी ऐकता ऐकता इंग्रजीत टिपणं काढायची आणि मग त्यावरून मराठीत सांगायची. टिपणात लिहिलं: भाडं दिलं आहे. भाडेकरूला सांगितलं, 'त्या म्हणतात, तुम्ही भाडं दिलंय.' त्याचा चेहरा उजळला. मालकिणीने मान्य केलं असं त्याला वाटलं. प्रत्यक्षात ती म्हणाली होती, 'यानं भाडं भरलंय म्हणे.' म्हणजे हा तसा दावा करतो, मी काही त्याची जबाबदारी घेत नाही. पुढची पंधरा मिनिटं दोघं वेगवेगळ्या खोल्यांत असल्यासारखे बोलत राहिले. दोष सर्वस्वी माझा. मराठीत 'म्हणे' हा नेमका शब्द तयार होता आणि मी इंग्रजीच्या पुलावरून गेले, जिथे तो शब्द पाण्यात पडला. त्या दिवसापासून शेपट्यांची टिपणं मी देवनागरीत काढते: म्हणे, की, ना, होय, झालं. दुसरं काही नाही.

आणि पाहा, 'वो३' आणि 'वो५' यांत फरक फक्त सुराचा. शेपटीलाही स्वतःचा सूर असतो. 'चउ२ ला१' म्हणजे 'चला ना, निघू या'. 'चउ२ ला३' म्हणजे 'निघालो मी'. 'होउ२ आ१' म्हणजे 'चालेल की', 'होउ२ आ३' म्हणजे 'छान आहे हो'. म्हणून शेपटी लावली आणि वर ती आपल्या मराठी ढंगात गायली तर केलेलं काम वाया. शेपटी म्हणजे गोठवून ठेवलेला भावच आहे, ती जशी मिळाली तशी ठेवायची.

शेपट्या एकावर एक चढवता येतात, पण ठरलेल्या क्रमाने. 'खॉय५ ची१ का३ ला३ वो३': त्याला माहीत आहेच, आतापर्यंत कळलंय, बघ बरं का. आधी ठामपणा, मग 'आता झालं'चा भाव, सर्वांत शेवटी ऐकणाऱ्याशी नातं. आपण 'आलाय ना म्हणे' म्हणतो, 'आलाय म्हणे ना' म्हटलं तर वेगळंच होतं, तसंच हे. सुरुवातीला एकाच शेपटीवर भागवा.

लिहिताना या शेपट्यांच्या बहुतेक चिन्हांत डाव्या बाजूला एक छोटा चौकोन असतो. तो म्हणजे तोंड. 'हे अक्षर बोलण्यातलं आहे' अशी खूणच. औपचारिक लिखाणात ती चिन्हं जवळपास येत नाहीत. मेट्रोतली घोषणा ऐकून किंवा सरकारी पत्रक वाचून शेपट्या शिकता येणार नाहीत. तुमच्या ॲपमध्ये त्या नसण्याचं कारणही बहुधा हेच. त्यांच्यासाठी बाजार, लिफ्ट, आणि सहकाऱ्यांचे व्हॉइस मेसेज.

आता शब्दांचा क्रम.

'कर्ता, क्रियापद, कर्म, इंग्रजीसारखंच सोपं', असं जिथे तिथे वाचायला मिळतं. साध्या वाक्यापुरतं ते खरं आहे. 'राम मारतो रावण' अशी मांडणी, आणि विभक्ती नसल्यामुळे ती पाळावीच लागते. 'रावणाला रामाने मारलं' असं आपण उलटवू शकतो, कारण '-ला' आणि '-ने' साक्ष द्यायला उभे असतात. तिथे कुणी साक्षीदार नाही, जागा हीच विभक्ती. पण या सोप्या वाक्यापलीकडे गेलात की इंग्रजीचा उपयोग संपतो.

'मला पुस्तक दे' पाहा: 'पेइ२ पुन२ स्यू१ ङो५', दे-पुस्तक-मी. वस्तू आधी, माणूस नंतर. मँडरिन (चीनची अधिकृत भाषा) येणारी माणसं इथे हटकून उलटं बोलतात आणि लगेच ओळखू येतात. तुलना घ्या: 'खॉय५ कोउ१ क्वो३ ङो५', तो-उंच-ओलांडून-मी, म्हणजे तो माझ्यापेक्षा उंच. 'आधी' हा शब्द शेवटी येतो. दाराशी कुणाला पुढे जायला सांगताना 'नेइ५ हाङ४ सिन१', तुम्ही चला आधी. 'सिक६ फ़ान६ सिन१', जेवू आधी. मँडरिनमध्ये 'आधी' क्रियापदाच्या अलीकडे बसतं, इंग्रजी पुस्तकं याला मोठं वैशिष्ट्य म्हणून रंगवतात, आणि आपण घरात रोज 'जेवून घे आधी' म्हणत असतो. 'आणखी'चंही तेच: 'सिक६ तो१ वुन२ थिम१', खा अजून वाडगाभर आणखी. 'अजून' क्रियापदाच्या मागोमाग, 'आणखी' सगळ्यांच्या शेवटी. आग्रह करणाऱ्या आजीचं वाक्य आहे हे, दोन्ही भाषांत.

इंग्रजीपेक्षा मराठीच्या जवळ असलेली आणखी एक जागा म्हणजे विशेषण-वाक्य. 'मी घेतलेलं पुस्तक' यात 'मी घेतलेलं' आधी आणि 'पुस्तक' नंतर. कँटोनीजमध्येही: 'ङो५ माय५ को२ पुन२ स्यू१', मी-घेतलं-ते-पुस्तक. इंग्रजीत मनात वाक्य जुळवून मग उलटवणारे इथे अडखळतात. मराठीतून थेट गेलात तर सरळ रस्ता.

क्रमाने एक काम मात्र असं होतं जे मराठीत क्रमाने होत नाही. 'चेक३ कउ२ लइ४ चो२' आणि 'लइ४ चो२ चेक३ कउ२'. दोन्हींचं मराठी 'कुत्रा आला'. पहिल्यात कुत्रा क्रियापदाआधी आहे, म्हणजे तुमच्या-माझ्या ओळखीचा, तोच तो. दुसऱ्यात तो क्रियापदानंतर आलाय, म्हणजे कुठलासा, नवाच. 'चेक३' हा प्राण्यांसाठीचा मोजणीचा शब्द आहे, एका नगाला लावतात तसा. त्याचा अर्थ 'तो' पण नाही आणि 'एक' पण नाही. ओळखीचा की अनोळखी हे फक्त जागा सांगते. माझ्या मते कँटोनीज व्याकरणातली सर्वांत देखणी गोष्ट ही, आणि सर्वांत कमी शिकवली जाणारी.

कर्म आधी आणायचं असेल तर आणता येतं: 'पुन२ स्यू१ ङो५ थइ२ चो२ ला३', पुस्तक मी वाचलंय. विषय आधी मांडायचा, मग त्यावर बोलायचं. मराठी कानाला हे परकं वाटणार नाही. जोर द्यायला आपण 'च' लावतो, 'मीच केलं'. तिथे त्या शब्दाआधी 'हइ६' ठेवतात आणि शेवटी 'के३': 'हइ६ ङो५ चोउ६ के३'. 'त्यालासुद्धा माहीत नाही' याला दोन शब्दांचा चिमटा आहे: 'लिन४ खॉय५ तोउ१ म्४ ची१'. 'लिन४' आणि 'तोउ१' यांच्या मध्ये जो सापडला तो 'सुद्धा'.

आता वेटरच्या वाक्याकडे. 'मोउ५ थोङ२ आ३, नी१ तोउ६.' नाहीत गोळ्या हो, इथे. 'इथे' हा शब्द शेपटीच्याही पलीकडे गेलाय. मराठीत हे आपण दिवसातून पन्नास वेळा करतो: 'आला का तो?', 'महाग आहे हो, हे', 'झोपला वाटतं बाळ'. महत्त्वाचं आधी बोलून टाकायचं, आणि जे समोरच्याला माहीतच आहे ते मागून हळूच सोडायचं. कँटोनीजमध्ये अगदी हेच: 'लइ४ चो२ ला३, खॉय५', आला एकदाचा, तो. 'होउ२ क्वइ३ वो३, नी१ पुन२ स्यू१', भलतंच महाग की, हे पुस्तक. लिहिताना मी स्वल्पविराम टाकलाय, बोलताना थांबत नाहीत. मागून आलेला भाग खाली आणि पटकन म्हणतात.

इथे शेपटी एक कुंपण आहे. कुंपणाच्या अलीकडे बातमी, पलीकडे जुनं सामान. पलीकडे नवं काही टाकता येत नाही. म्हणून मराठीची एक सवय इथे मोडावी लागते. आपण 'गेला होतास कुठे?' म्हणताना 'कुठे' शेवटी ठेवून उलट त्याच्यावर जोर देतो. कँटोनीजमध्ये 'कुठे' हा शब्द कुंपणापलीकडे चालत नाही. 'नेइ५ हॉय३ पिन१ तोउ६ आ३?', तू जातोस कुठे, आणि मग शेपटी. प्रश्नाचा शब्द उत्तर जिथे बसणार तिथेच बसतो, इंग्रजीसारखा उडी मारून वाक्याच्या तोंडाशी येत नाही. आणि 'पिन१ तोउ६' हा शब्दच प्रश्न आहे, तेव्हा आवाज वर न्यायचं काही कारण उरत नाही.

हो-नाहीच्या प्रश्नालाही तसंच. 'नेइ५ हॉय३ म्४ हॉय३ आ३?', जातोस-नाही-जातोस. आपल्या 'जातोस की नाही?'च्या जवळचं, फक्त आपल्या वाक्यातली किंचित धमकी वजा करा. वरच्या ठाणेकराने विचारायला हवं होतं: 'हइ६ मइ६ चउ२ थोङ४ आ३?' बिनसाखरेचाच आहे ना? 'मइ६' म्हणजे 'म्४ हइ६', घाईत एक झालेलं. 'थोङ४' तळाला घसरला पाहिजे, आणि 'आ३' मध्यावर सपाट. गंमत अशी की शेपटी लावली की शेवटचं अक्षर ती होते, त्यामुळे तुमचा मराठी आवाज चुकून वर गेलाच तर धक्का शेपटीला बसतो, साखर वाचते. नवशिक्यांना मी म्हणूनच सांगते, शंका असेल तर 'आ३' लावून मोकळे व्हा. ती सगळ्यांत निरुपद्रवी शेपटी आहे, बोलणं मऊ करते, बाकी फार काही करत नाही.

सराव करताना एक करा. ॲपमधलं वाक्य घ्या आणि त्याचं इंग्रजी भाषांतर झाका. मराठीत ते कसं म्हणाल, 'म्हणे' लावून, 'की' लावून, 'होय?' लावून, ते आधी मोठ्याने म्हणा. मग त्याची कँटोनीज शेपटी शोधा. एका वाक्याला तीन शेपट्या, रोज तीन वाक्यं. मोबाइलमध्ये रेकॉर्ड करून ऐका, आणि फक्त शेवटची दोन अक्षरं तपासा: शब्दाचा सूर टिकला का, शेपटीचा टिकला का. बाकीचं वाक्य चुकलं तरी लोक समजून घेतात.

राहिला तुमचा 'जेवलास?'. तुम्ही बहुधा 'नेइ५ सिक६ चो२ फ़ान?' असं विचारलंत, आणि 'फ़ान' वर नेलात. भात आहे 'फ़ान६', खालचा सपाट. तो वर चढला, त्याचा भात राहिला नाही, आणि प्रश्नाचं एकही चिन्ह वाक्यात नव्हतं. इथला माणूस असं विचारेल: 'सिक६ चो२ फ़ान६ मेइ६ आ३, नेइ५?' जेवण झालं की अजून नाही रे, तुझं? 'मेइ६' म्हणजे 'अजून नाही', तोच प्रश्न करतो. 'आ३' मऊपणा आणते. आणि 'नेइ५' कुंपणापलीकडे, जवळजवळ गिळून. उत्तर बहुधा येईल, 'सिक६ चो२ ला३. नेइ५ ने१?' ही 'ने१' शेपटी म्हणजे 'आणि तुझं?'. तुम्ही जेवला नसाल तर म्हणा, 'मेइ६ आ३.'

पण तो मग तुम्हाला जेवायला घेऊन जाईल. तेव्हा 'चउ२ थोङ४' तोवर पक्कं करून ठेवा, चहा लागेल.